एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

मागं ऐकू येतंय ना? हात वर करा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीही करा. बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘देशाला नवी राज्यघटना का लागते आणि त्यात लोकप्रतिनिधींचं काम काय’. त्याकडे येतो. आधी आमच्या सोसायटीचं सांगतो.

नवे उपविधी स्वीकारायचे होते. कमिटी मसुदा घेऊन बसली, पार्किंगचं कलम आलं. सचिवांकडे दोन गाड्या. कलम असं निघालं : ‘ज्या सभासदाची दुसरी गाडी तीन वर्षांहून जास्त काळ आवारात उभी आहे, त्याचा हक्क अबाधित राहील.’ आता अशी गाडी अख्ख्या आवारात एकच. ताडपत्रीखाली, चारही चाकं बसलेली. तेव्हापासून माझी स्कूटर रस्त्यावर. मी सर्वसाधारण सभेत उठलो, तर ‘विषयपत्रिकेवर नाही’ म्हणून मला बसवलं. विषयपत्रिका कुणी केली होती? सचिवांनी.

हसताय, पण नेपाळमध्ये हेच झालं, फक्त पार्किंगच्या जागी देश होता.

नेपाळला नवी घटना का लागली? जुनी वाईट होती म्हणून, असं सगळे सांगतात. १९९०ची घटना तशी वाईट नव्हती. पण तिच्याच १२७व्या कलमाचा आधार घेऊन राजा ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधानांना घरी पाठवलं आणि फेब्रुवारी २००५मध्ये सगळा कारभार हातात घेतला. दुसरीकडे माओवाद्यांचं दहा वर्षांचं युद्ध. २००६मध्ये शांतता करार झाला, तेव्हा राजाच्या घटनेत जंगलातून आलेल्यांना बसायला जागाच नव्हती. नवं घर बांधणं भाग होतं.

२००८मध्ये ६०१ जणांची संविधान सभा आली. पहिल्याच बैठकीत राजेशाही संपवली. मुदत दोन वर्षांची. पण हीच सभा संसदही होती. इथंच घोडं पेंड खातं.

२०१०च्या जूनअखेर पंतप्रधानांनी राजीनामा दिला. नवा निवडायला जुलैत मतदान सुरू. पहिली फेरी, कुणालाच बहुमत नाही. दुसरी, तिसरी, तेच. सप्टेंबरात माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी माघार घेतली. मग रिंगणात राहिले नेपाळी काँग्रेसचे रामचंद्र पौडेल, एकटे. एकटे! आणि तरी हरत राहिले, कारण बाकीचे तटस्थ, बहुमत काही होईना. एकटा धावून दुसरा येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शेवटी नियम बदलले, आणि सतराव्या फेरीत, फेब्रुवारी २०११मध्ये, झलनाथ खनाल निवडून आले. पौडेलांची काळजी करू नका, २०२३मध्ये ते राष्ट्रपती झाले.

सात महिने गेले. या सात महिन्यांत प्रांतांच्या सीमा कोण आखणार होतं? तीच माणसं. चार वेळा मुदत वाढवली, आणि मे २०१२मध्ये घटनेविना सभा विसर्जित. दुसरी सभा २०१३ची, तिलाही जाग आली ती २०१५च्या भूकंपानं. जूनमध्ये मोठ्या पक्षांचा सोळा कलमी समझोता, २० सप्टेंबरला घटना लागू. मधेशींना, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातल्या लोकांना, ती मान्य नव्हती, मग सीमेवरची नाकेबंदी, ती वेगळी कहाणी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुद्दा तर आत्ता सुरू होतोय.

भरभर सांगतो. आपल्याकडेही संविधान सभाच कायदेमंडळ होती, माणसं तीच. पण कामं वेगळी केली. घटनेच्या बैठकीला अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. कायदेमंडळाच्या बैठकीला, १७ नोव्हेंबर १९४७पासून, सभापती दादासाहेब मावळंकर. मूळचे कोकणातले, आयुष्य गेलं अहमदाबादेत, त्यामुळं ‘आपले’ म्हणताना जपून. कामं वेगळी करा ही शिफारसही त्यांच्याच समितीची. सकाळच्या भांडणाचा वचपा संध्याकाळच्या कलमात निघू नये, एवढी साधी सोय.

मग आमदार-खासदारांना बाहेरच ठेवावं का? चिलीनं ठेवलं. २०२०मध्ये ७९ टक्के मतदारांनी सांगितलं, घटना लिहिताना खासदार नकोत. वेगळे १५५ जण निवडले. त्यांचा मसुदा २०२२मध्ये ६२ टक्क्यांनी फेटाळला. २०२३मध्ये दुसरा मसुदा आला, तोही पडला. हुकूमशहा पिनोशेच्या काळातली १९८०ची घटना, डागडुजी केलेली, अजून उभी आहे. तडजोड हा धंदा आहे आणि तो ज्यांना येतो त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवलंत, असं माझं मत.

म्हणून लोकप्रतिनिधी हवेत, पण ज्या दिवशी घटना त्या दिवशी सरकार पाडणं नाही. आणि त्यांच्याच मुदतीचं, मतदारसंघांचं कलम आलं की लेखणी दुसऱ्याच्या हातात. तिसरा मुद्दा होता जनमताचा, तो राहिला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. दोन गाड्यावाले तिसऱ्या रांगेत आलेत, त्यांनी आधी विचारलं तरी चालेल.