थाई हॉटेलात कालवू नका!

नमस्कार मंडळी! बँकॉकच्या व्हिडिओखाली गेले पंधरा दिवस एकच प्रश्न पडतोय. "दादा, ते महागातलं थाई हॉटेल दाखवलंत, पण तिथं जेवायचं कसं ते सांगितलंच नाही." आता जेवायचं कसं म्हणजे, तोंडानंच की! पण एवढे जण विचारताहेत म्हणून आज कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरच्या टेबलावर बसलोय. समोर आईनं केलेला भात आणि तांबडा रस्सा. थाई करी कुठनं आणू?

किरकोळ आधी उरकतो. टेबल आधी बुक करा, वेळेवर पोचा, हाफ चड्डी नको. आणि चप्पल. आमचा मावसभाऊ कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतनं खास घेतलेली कापशी, म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पल, घालून आला. दारातल्या पोरीनं हात जोडले, गोड हसली आणि म्हणाली, पुरुषांना पुढनं उघडी पादत्राणं चालत नाहीत. 2025 मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल चालवली, आणि आमचा गडी दारात अडला! परत खोलीवर जाऊन बूट घालून आला, अर्धा तास गेला. तेव्हा बूट न्या. पुढं.

आता खरा मुद्दा. मेन्यू हातात आला की आपली माणसं काय करतात? "मला ग्रीन करी. तुला? मलापण ग्रीन करी." चौघांच्या चार ग्रीन करी! अरे, तिथं डिश माणसाची नसते, टेबलाची असते. भात तेवढा ज्याचा त्याचा. बाकी सगळं मधे. एक नारळाच्या दुधातली करी, एक टॉम यमसारखं आंबट सूप, एक परतलेली भाजी, एक सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, एखादं सौम्य काहीतरी. आंबट, तिखट, खारट, गोड या चवी एकाच वाडग्यात शोधायच्या नाहीत, त्या टेबलभर पसरलेल्या असतात. चौघांत चार-पाच डिश बास.

आणि आल्यावर? (ताट कॅमेऱ्याकडे करतो.) हा भात. आपण काय करतो? वर तांबडा ओतला, पांढरा ओतला, कालवलं, हाणलं. इथं ते बरोबरच आहे. तिथं कालवू नका. एका डिशमधला एक चमचा घ्यायचा, भाताच्या कडेला ठेवायचा, भाताबरोबर खायचा. संपला की दुसऱ्या डिशमधला एक चमचा. करीवर सोम तम, त्यावर सूप असा ढीग केलात तर पाच डिशचे पैसे देऊन एकच चव खाताय तुम्ही.

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्यानं भात चमच्यात ढकलायचा, तोंडात चमचा जातो. काटा तोंडात घालायचा नाही. सुरी नसते, कारण सगळं आधीच बारीक चिरलेलं असतं. आणि एक ताई लिहितात, "चॉपस्टिक दिल्या नाहीत, कसलं हॉटेल?" ताई, भाताला चॉपस्टिक तिथली माणसंही वापरत नाहीत. त्या नूडल्सना. चिकट भात मात्र बोटांनी, लहान गोळा करून. तिथं आपण उस्ताद आहोत.

दुसरी कॉमेंट: "सगळ्यांनी एकाच भांड्यातनं? उष्टं नाही का होत?" नाही होत. प्रत्येक डिशमध्ये वाढायचा चमचा असतो, त्याला च्यॉन क्लांग म्हणतात, म्हणजे मधला चमचा. त्यानं आपल्या ताटात घ्यायचं, मग आपल्या चमच्यानं खायचं. पण तुम्ही एकदम वाडगाभर ओढून घेतलंत तर बाकीच्यांनी काय बघत बसायचं? म्हणजे फिरून तिथंच आलो. एक चमचा घ्या, कालवू नका.

टॉम यममध्ये गवती चहाचे दांडे, कुलंजनाचे, म्हणजे आल्यासारख्या मुळाचे काप, लिंबाची जाड पानं असतात. ती वासाला, खायला नाहीत. आमच्या एका मित्रानं गवती चहाचं कांडं उसासारखं पाच मिनिटं चघळलं. मी सांगितलं नाही. बघायला मजा येत होती.

तिखटाचं. "आम्ही कोल्हापूरचे, हुं करून टाकू!" हो का? मावसभावानं छाती काढून "फेत माक" सांगितलं, म्हणजे खूप तिखट. आपलं तिखट कांदा-लसूण चटणीचं, तेलात परतलेलं, शिजलेलं. तिथं सोम तममध्ये बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या कच्च्याच कुटून घालतात, वर लिंबू. दोन घासांत भाऊ लाल. पाणी प्यायला, तर आग आणखी पसरली. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. मग करीतलं नारळाचं दूध आणि भात खात बसला. "माय फेत" म्हणजे तिखट नको. लाज बाळगू नका.

आता वहिनी शाकाहारी. मेन्यूत भाजी लिहिलंय म्हणून मागवू नका. माशाचं खारं पाणी, नाम प्ला, जवळपास सगळ्यात असतं, आणि करीच्या वाटणात बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट. "व्हेज" म्हटलं की ते मटण काढतात, नाम प्ला ठेवतात. "जे" म्हणा. त्यात मासा-मांस-अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासासारखं. ते बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर बसून नाही.

शेवटचं बिल. मेन्यूत आकड्यापुढं दोन अधिक चिन्हं दिसली तर ती नक्षी नाही. 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 7 टक्के व्हॅट. म्हणजे 1000 बाथची डिश आधी 1100, मग 1177. आमच्या टेबलावर मावसभाऊ आणि मित्र दोघंही "मी देतो, मी देतो" करत पाकिटं काढून उभे राहिले, वेटर बिचारा मधे. आकडा बघितल्यावर दोघंही हळूच बसले. वहिनींनी कार्ड दिलं.