खांदेकरी

[पडदा काळा. आधी फक्त आवाज: गाडीचं मागचं दार उघडतं, रुळांवरून काहीतरी जड सरकतं.]

सहा मुलं. वय सतरा-अठरा. अंगात कोट, गळ्यात टाय, बूट आदल्या रात्री पॉलिश केलेले. शववाहिकेच्या मागे तीन-तीनच्या दोन रांगा. पेटी बाहेर सरकू लागते तसा एकेकाचा हात तिच्या बाजूच्या दांड्यावर पडतो. अमेरिकेत पेटी सहसा खांद्यावर घेत नाहीत, कमरेच्या उंचीवर धरून नेतात. तरी मराठीत या मुलांना दुसरा शब्द नाही. ही खांदेकरी आहेत.

पेटीतल्या माणसाला यांच्यापैकी कुणीही ओळखत नव्हतं.

[विटांची जुनी इमारत, मनोरा, समोर हिरवळ.]

ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर. सेंट इग्नेशियस हायस्कूल ही मुलांची कॅथलिक शाळा, येशूसंघीय म्हणजे जेझुइट धर्मगुरूंनी 1886 साली काढलेली. ज्याच्या मागे कुणी उरलं नाही, किंवा जे उरलेत त्यांच्या हातांत पेटी उचलायचं बळ नाही, अशांच्या अंत्यविधीला इथली वरच्या वर्गांतली मुलं जातात. वीसेक वर्षांपासून हे चालू आहे. पुढे डेट्रॉइटच्या जेझुइट शाळेनंही ते उचललं. गटाला नाव आहे अरिमथाईकर योसेफाचं. शुभवर्तमानात ज्यानं येशूचा देह रोमन सुभेदार पिलाताकडे मागितला आणि स्वतःसाठी खोदून ठेवलेल्या कबरीत ठेवला, तो हा योसेफ.

यातली बारावीची मुलं, इथल्या भाषेत 'सीनियर', काही आठवड्यांत शाळा सोडतील. अमेरिकेतल्या अशा शाळांमधलं शेवटचं वर्ष कसं जातं, ते आपण बघणार आहोत. त्यात फुटबॉल आहे, प्रवेशअर्ज आहेत, प्रॉमसाठी, म्हणजे वर्षाअखेरच्या नाचाच्या समारंभासाठी, भाड्यानं आणलेले सूट आहेत. पण आम्ही सुरुवात या पेटीपासून केली, कारण पुढचं सगळं बघताना ती डोळ्यांसमोरून हलली नाही.

[जुनी छायाचित्रं: बोटीतून उतरणारी कुटुंबं, शाळेच्या पायऱ्यांवर मुलांची रांग.]

इतिहास थोडक्यात. या देशातली सगळ्यात जुनी जेझुइट शाळा मेरीलँडमधली जॉर्जटाउन प्रेप. साल 1789. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेही याच वर्षी. पुढच्या शतकात आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश कुटुंबं बोटी भरभरून आली. त्यातली कित्येक कॅथलिक. सरकारी शाळेत मुलांना प्रोटेस्टंट बायबल वाचायला लावतात, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. 1884 मध्ये बॉल्टिमोरला जमलेल्या बिशपांनी फर्मान काढलं: प्रत्येक धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या वस्तीची, स्वतःची शाळा हवी. ऑरेगन राज्यानं मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती करणारा कायदा केला, तो 1925 साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. ज्यांचे आजोबा गोदीत हमाली करत होते, त्यांची नातवंडं या शाळांतून वकील झाली, डॉक्टर झाली. न्यूयॉर्कच्या रेजिस हायस्कूलमधून 1958 साली बाहेर पडलेल्या एका औषधविक्रेत्याच्या मुलाला कोविडच्या काळात सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं: डॉ. अँथनी फाउची. रेजिसमध्ये आजही फी घेत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी फी असते, आणि ती भरताना घरातल्यांचा घाम निघतो.

[लॉकरांची रांग. टाय बांधणारे हात, जवळून.]

नववीतला मुलगा पहिल्या दिवशी येतो तेव्हा टायची गाठ बहुधा बापानं बांधून दिलेली असते. कोट दोन मापं मोठा, वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला. चार वर्षांनी तोच कोट मनगटावर आखूड होतो, आणि टाय वर्गात शिरता शिरता, आरशाशिवाय बांधून होतो. दाढीचं तसंच. बऱ्याच शाळांत दाढी वाढलेली चालत नाही. नववीत त्या नियमाशी काही देणंघेणं नसतं, बारावीत तोच मोठा अन्याय वाटू लागतो.

जेझुइट शाळेत उत्तरपत्रिकेच्या डोक्यावर चार अक्षरं लिहायची रीत आहे: ए. एम. डी. जी. लॅटिन ब्रीदाची आद्याक्षरं, अर्थ 'देवाच्या अधिक गौरवासाठी'. त्रिकोणमितीच्या पेपरावरसुद्धा. पेपर कोरा गेला तरी गौरवात खंड नको.

आणि शिक्षा. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायच्या शिक्षेला इथे म्हणतात 'जग'. मुलं सांगतात, ती 'देवाच्या देखरेखीखालचा न्याय' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. जुने शिक्षक लॅटिन 'युगुम'कडे बोट दाखवतात. युगुम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आपला 'जू' आणि तो 'युगुम' एकाच धातूतून आलेले. म्हणजे उशिरा आलेल्या पोराला ओहायोत काय किंवा न्यूयॉर्कात काय, शब्दशः जुंपतात. ही व्युत्पत्ती आम्हाला जास्त आवडली, हे कबूल करतो.

[संगणकाच्या उजेडातला चेहरा. भिंतीवरचं कॅलेंडर.]

बारावी सुरू होते ती तारखांनी. 1 नोव्हेंबरच्या सुमाराला कॉलेजांचे आगाऊ अर्ज, जानेवारीच्या सुरुवातीला बाकीचे. मार्चअखेर उत्तरं. 1 मेपर्यंत कुठे जायचं ते कळवून अनामत भरायची. अर्जासोबत निबंध असतो: तू कोण आहेस ते सहाशे-साडेसहाशे शब्दांत सांग. सतरा वर्षांच्या मुलाला हे विचारणं म्हणजे थोडा छळच. उत्तर यायच्या आधी सगळे अभ्यासू. उत्तर आलं की वर्गात एक गोड आळस पसरतो. त्याला रोगाचं नाव दिलंय, 'सीनियरायटिस'. औषध एकच: गुण फारच घसरले तर कॉलेज दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं.

याच धावपळीत, अकरावीच्या शेवटी किंवा बारावीत, तीन-चार दिवस शाळा त्यांना बाहेर नेते. या शिबिराचं नाव 'कायरोस'. ग्रीकमध्ये वेळेला दोन शब्द. क्रोनोस म्हणजे घड्याळातली वेळ, कायरोस म्हणजे योग्य घडी. म्हणून तिथे फोन आणि घड्याळं काढून घेतात. आत काय होतं ते बाहेर सांगायचं नाही, असा मुलांचा आपसातला करार असतो, आणि आम्ही तो मोडणार नाही. एवढंच सांगतो की आदल्या शुक्रवारी एकमेकांची टिंगल करणारी ही मुलं सोमवारी परततात तेव्हा एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. काहींचं ते आठवडाभर टिकतं. काहींचं जास्त.

[कृष्णधवल चित्रण: चष्मा लावलेले, टक्कल पडलेले, काळ्या झग्यातले एक गृहस्थ.]

हे जेझुइट धर्मगुरू पेद्रो आरुपे. 6 ऑगस्ट 1945 ला ते हिरोशिमाच्या वेशीवर होते. वैद्यकीचं थोडं शिक्षण झालेलं होतं, त्या बळावर मठाचा दवाखाना केला आणि भाजलेल्यांवर उपचार केले. पुढे ते येशूसंघाचे प्रमुख झाले. 31 जुलै 1973 ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ते बोलायला उभे राहिले. समोर प्रतिष्ठित मंडळी, सुखवस्तू. आरुपेंनी प्रश्न टाकला: आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. सभेतले काही जण चांगलेच चिडले.

'इतरांसाठी जगणारी माणसं' हे शब्द तिथून निघाले आणि आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक जेझुइट शाळेच्या भिंतीवर, टी-शर्टवर आणि देणगीच्या पत्रकावर आहेत. टी-शर्टवर आलं की कोणतंही वाक्य गुळगुळीत होतं. पण त्याचा मूळचा काटा बोचतोच. कित्येक शाळांत ठरलेले सेवेचे तास भरल्याशिवाय मुलाला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, देत नाहीत. तास भरायचे म्हणून भरणारेही असतात. वृद्धाश्रमात सही घेऊन पसार होणारे असतात. पेटीचं तसं होत नाही. सहांतल्या एकानं हात सैल सोडला तर बाकी पाचांना लगेच कळतं.

[नवी शाळा: जिम्नॅशियममध्ये शेकडो मुलं, हातांत हात.]

न्यू जर्सीतलं न्यूअर्क. सेंट बेनेडिक्ट्स प्रेप, 1868 सालची, बेनेडिक्टाइन मठवासीयांची. 1967 च्या दंगलीनंतर गोरी कुटुंबं शहर सोडून गेली आणि 1972 मध्ये शाळा बंद पडली. काही मठवासी निघून गेले. जे राहिले त्यांनी पुढच्याच वर्षी ती पुन्हा उघडली, यावेळी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी. मुख्याध्यापक झाले फादर एडविन लेही. वय 26.

ही शाळा मुलं चालवतात. हे वाक्य आम्हीही आधी जाहिरातीसारखंच ऐकलं होतं. पण इथे रोजची सकाळची सभा मोठी मुलं घेतात, हजेरी तीच घेतात. सगळ्या इयत्तांची मुलं लहान लहान गटांत वाटलेली असतात, आणि गटातलं कुणी आलं नाही तर ते का आलं नाही हे शोधायचं काम गटप्रमुखाचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी सगळी नवी मुलं पाठीवर बोजा घेऊन अॅपलाचियन डोंगररांगेतल्या पायवाटेवर सुमारे 50 मैल चालतात. ब्रीद सोपं: माझ्या भावाला जे दुखावतं, ते मलाही दुखावतं. 2020 पासून इथे मुलीही शिकतात, तेव्हा भावाच्या जोडीला बहीणही आली.

[बंद फाटक. पुसट झालेली पाटी.]

आता जे सोयीचं नाही ते. साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये 50 लाखांहून जास्त मुलं होती. आज 20 लाखही नाहीत. पूर्वी जवळजवळ फुकटात शिकवणारे, व्रत घेतलेले ब्रदर आणि सिस्टर होते. आता वर्गात बहुतेक पगारी शिक्षक आहेत, आणि खर्च फीवर येतो. बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार 1965 मध्ये ज्या शाळेतून बाहेर पडले, ती न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल 1984 मध्ये बंद झाली. हार्लेममधली राइस हायस्कूल 2011 मध्ये.

आणि दुसरी गोष्ट, फीपेक्षा जड. 2002 साली बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्रानं धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते झाकणारी यंत्रणा उघड केली. त्यानंतर देशभर नावं बाहेर येत राहिली. त्यात शाळांत शिकवणारेही होते. काही मुलांनी ते ओझं चाळीस-चाळीस वर्षं एकट्यानं वाहिलं. भावाभावांच्या गोष्टी सांगणाऱ्या इमारतीत त्यांना कुणी खांदा दिला नाही. आज या वर्गांत बसलेल्यांना हा इतिहास माहीत आहे. त्यांच्या आईवडिलांनी प्रवेश घेण्याआधी त्याबद्दल प्रश्न विचारलेले असतात, आणि विचारायलाच हवेत.

[मे महिना. चर्चची घंटा. फुलांचा मुकुट घातलेली येशूच्या आईची, मारियेची मूर्ती.]

शेवटचे दिवस भराभर जातात. मारियेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट. लॉकर रिकामे; तळाशी सापडलेलं नववीतलं सँडविच आहे की शास्त्राचा प्रयोग, यावर वाद. ग्रॅज्युएशनच्या, म्हणजे शाळा संपल्याच्या समारंभाच्या, आधी बारावीसाठी खास मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. ही मुलं सगळी कॅथलिक नसतात. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी काही जण हात छातीवर आडवे घेऊन आशीर्वाद तेवढा घेतात, काही जागेवर बसून राहतात.

काही शाळांत झगा-टोपी असते, काही शाळांत पांढरा कोट आणि काळा बो. नावं वर्णक्रमानं पुकारली जातात. आडनावं ऐकत राहा: आयरिश, पोलिश, मग व्हिएतनामी, नायजेरियन, मेक्सिकन. शंभर वर्षांच्या बोटी आणि विमानं वीस मिनिटांत पुढून जातात. आया रडतात. बाप फोन वर धरून चित्रीकरण करतात, म्हणजे चेहरा झाकला जातो.

[रिकामा वर्ग. उन्हाळा.]

जूनमध्ये क्लीव्हलँडच्या कुठल्यातरी फ्युनरल होममध्ये कुणीतरी यादी काढतं, कारण मागे कुणी नसलेलं माणूस सुट्टीतही मरतं. सीनियर गेले. आता अकरावी संपवलेल्यांपैकी सहा लागतील. त्यांतला एक पहिल्यांदाच येतोय. गाडीचं दार उघडायच्या आधी शेजारचा त्याला हलक्या आवाजात सांगतो: जड असते. डाव्या पायानं सुरुवात कर.