गावाचा संघ आणि शेजाऱ्याची चिठ्ठी

समजा, २०२१ च्या नोव्हेंबरात तुम्ही ३०० डॉलर मोजून ग्रीन बे पॅकर्स या संघाचा एक शेअर घेतलात. घरी एक देखणं प्रमाणपत्र आलं असतं, फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगं. त्यावर लाभांश नाही. आज नाही, पुढेही नाही. बाजारात तो विकता येत नाही, त्यामुळे भाव वाढण्याचा प्रश्नच नाही. सामन्याचं तिकीटसुद्धा त्याच्या जोरावर मिळत नाही. त्याची प्रतीक्षायादी वेगळी, आणि तीत लाखाच्या वर नावं आहेत. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाला निदान ऊस घालायचा हक्क असतो, इथे तेवढंही नाही. वर्षातून एकदा सभेला जायचं, मत द्यायचं, घरी यायचं. तरीही त्या विक्रीत पावणेदोन लाखांच्या वर नवे भागधारक झाले आणि साडेसहा कोटी डॉलर गोळा झाले!

अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. बहुतेकांचे मालक अब्जाधीश. पॅकर्सला मालकच नाही, पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. आणि ग्रीन बे केवढं? विस्कॉन्सिन राज्यातलं, लाख-सव्वालाख वस्तीचं शहर. ते न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या पंगतीत बसतं. हे कसं जमलं, असं विचारलं की तिथली माणसं छातीवर हात ठेवून सांगतात, ‘आमच्या प्रेमामुळे.’ मला हे उत्तर अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं मी आज सांगणार आहे.

सुरुवात ११ ऑगस्ट १९१९ ची. अर्ल लॅम्बो नावाचा एकवीस वर्षांचा तरुण, कुरळ्या केसांमुळे सगळे त्याला ‘कर्ली’ म्हणायचे, आणि स्थानिक वर्तमानपत्रातला जॉर्ज कॅल्हून हा पत्रकार, या दोघांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत पोरं जमवली. लॅम्बो वर्षभरापूर्वी नोत्र दाम विद्यापीठात खेळून आला होता. टॉन्सिलच्या दुखण्याने शिक्षण सुटलं आणि तो मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला लागला. जर्सी आणि सामानासाठी त्याने कंपनीकडे पैसे मागितले. कंपनीने ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. कंपनी दोनएक वर्षांत दुसऱ्यांच्या हाती गेली, नाव मात्र टिकलं. मैदानाला कुंपण नव्हतं, तिकीट लावणार कुठे? मग मध्यंतरात टोपी फिरवायची, पडेल ते आपलं. पहिल्या वर्षी दहा सामने जिंकले, एक हरले.

१९२१ मध्ये संघ लीगमध्ये आला आणि लगेच बाहेरही फेकला गेला, कारण महाविद्यालयीन मुलं खोट्या नावाने खेळवली होती. लॅम्बोने खटपट करून जागा परत मिळवली. पण पावसाने सामन्यांची गर्दी खाल्ली आणि कर्ज चढलं. तेव्हा वर्तमानपत्राचा व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल याने गावातली वजनदार माणसं एकत्र केली. १९२३ मध्ये पाच डॉलरचा एक, असे हजार शेअर काढले.

इथे जरा थांबू या, कारण खरी मेख इथे आहे. या मंडळींनी कागदावर लिहून ठेवलं की कंपनी नफ्यासाठी नाही, आणि उद्या ती मोडली तर उरलेला पैसा भागधारकांना न मिळता माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला जाईल. (१९९७ नंतर हा वारसा संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आला.) म्हणजे संघ विकून कोणाचाच खिसा भरणार नाही. एखादं मोठं शहर थैली घेऊन आलं, तरी ‘विकून टाका’ म्हणण्यात कोणाचं हित? प्रेम वगैरे असेलच, पण हे कलम माझ्या मते त्याहून पक्कं होतं.

मैदानावर १९२९, ३० आणि ३१ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं आली. पाठोपाठ संकटही आलं. एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, न्यायालयाने त्याला ५,००० डॉलर भरपाई दिली आणि नेमकी विमा कंपनीच बुडाली! संघावर न्यायालयाचा प्रशासक बसला. १९३५ मध्ये गावाने पुन्हा १५,००० डॉलर उभे केले. १९५० मध्ये पुन्हा तेच: २५ डॉलरचा शेअर, एक लाख १८ हजार डॉलर जमा. त्याच वर्षी जानेवारीत लॅम्बोने संघाच्या सरावासाठी हौसेने घेतलेलं रॉकवुड लॉज जळून खाक झालं होतं आणि आठवड्याभरात संस्थापक स्वतःच राजीनामा देऊन शिकागोच्या कार्डिनल्स संघाकडे गेला होता. आगीच्या विम्याचे पैसे संघाला तारून गेले, यावर गावात अजून डोळे मिचकावले जातात.

आता दुसरं अर्धं. शिकागो बेअर्स हे पॅकर्सचे हाडवैरी, आणि त्यांचे सर्वेसर्वा जॉर्ज हॅलस. १९३२ च्या मंदीत बेअर्सकडे पाहुण्या पॅकर्सना द्यायचे पैसे पुरेसे नव्हते. हॅलसनी १,५०० डॉलरची चिठ्ठी लिहून दिली आणि पॅकर्सनी ती मानून घेतली. चोवीस वर्षांनी पारडं फिरलं. ग्रीन बेचं जुनं मैदान इतकं लहान पडत होतं की पाहुण्या संघांना तिथे येणं परवडेना; नवं बांधा, नाहीतर राज्यातल्या मोठ्या शहरात, मिलवॉकीला जा, असा सूर निघू लागला. एप्रिल १९५६ मध्ये नागरिकांचं मतदान ठरलं. त्याआधीच्या सभेत बोलायला शिकागोहून कोण आलं? खुद्द हॅलस! प्रस्ताव दुपटीहून जास्त मतांनी मंजूर झाला. सप्टेंबर १९५७ मध्ये नवं मैदान उघडलं आणि उद्घाटनाच्या सामन्यात पॅकर्सनी हॅलसच्याच संघाला २१–१७ असं हरवलं.

मैदान आलं, खेळ मात्र रसातळाला गेला. १९५८ मध्ये बारा सामन्यांत एकच विजय. मग प्रशिक्षक म्हणून आले व्हिन्स लोम्बार्डी. त्यांच्या शिस्तीच्या कथा सगळेच सांगतात. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जो बार किंवा हॉटेल आमच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळं वागवेल, तिथे संघातला एकही माणूस पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी गावाला बजावलं. सात वर्षांत पाच विजेतेपदं मिळाली. ३१ डिसेंबर १९६७ चा डॅलसविरुद्धचा सामना उणे २५ अंशांत झाला. मैदानाखाली जमीन तापवणारी विजेची यंत्रणा घातली होती, तीच बंद पडली. शेवटची काही सेकंदं उरली असताना पॅकर्सच्या बार्ट स्टारने चेंडू कोणाला न देता स्वतःच रेषेपार नेला. पॅकर्स जिंकले, २१–१७. आज लीगच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या, करंडकाला लोम्बार्डींचं नाव आहे.

पण करंडकांनी बिलं भागत नाहीत. १९६१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकून पैसा सारखा वाटायचा, असं ठरवलं. न्यायालयाने अडवलं, तर अमेरिकेच्या संसदेकडून कायदा करून घेतला. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या मालकांना स्वतंत्रपणे कितीतरी जास्त मिळालं असतं. त्यांनी मान्य केलं, आणि ग्रीन बे वाचलं. २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात पॅकर्सचं उत्पन्न सुमारे ६५.४ कोटी डॉलर होतं, त्यातले ४० कोटींहून अधिक या समान वाट्यातून आले. शेअरविक्रीची रक्कम त्यापुढे चिल्लर, आणि तीही अलीकडे मैदानाच्या बांधकामालाच वापरतात.

गंमत अशी, की आज दुसऱ्या कुठल्या गावाला असा संघ काढता येणार नाही. लीगच्या नियमात एक प्रमुख मालक हवाच; पॅकर्सना जुने म्हणून सूट. आणि भागधारक असल्यामुळे दरवर्षी हिशेब जाहीर करणारा हा एकमेव संघ. त्यामुळे सगळ्या लीगने मिळून यंदा किती पैसा वाटला, हे कळायचं असेल, तर अमेरिकेतले पत्रकार ग्रीन बेचा ताळेबंद उघडतात आणि त्यातल्या समान वाट्याला बत्तीसने गुणतात.