तेल पिणारा बुश आणि बॅटरीतली चकती

मित्रहो, पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात हात काळे केलेली बरीच मंडळी समोर दिसताहेत, म्हणून सिंटरिंग, म्हणजे भुकटी न वितळवता भाजून घट्ट करणं, काय असतं इथून सुरुवात करत नाही. लोखंडाची भुकटी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची, जाळीच्या पट्ट्यावरून साधारण ११२० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढायची, की झाला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी. डायचं जे माप, जवळपास तेच मालाचं माप. कणांच्या मध्ये छिद्रं राहतात, पण त्यांची आपण तक्रार करत नाही. उलट त्यांत तेल मुरवतो आणि ‘याला वंगण घालावं लागत नाही’ म्हणून विकतो.

आता घन-अवस्था बॅटरी येणार म्हणून सगळीकडे बोललं जातंय. तिच्यात, ज्यातून लिथियम इकडून तिकडे जातं त्या पेटणाऱ्या द्रवाच्या जागी सिरॅमिकची पातळ चकती बसवायची. त्यासाठी ज्या पदार्थांवर सर्वाधिक काम चाललंय त्यांतला एक म्हणजे लिथियम, लँथेनम आणि झिर्कोनियमचा गार्नेट ऑक्साइड. रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई आणि वर्नर वेप्नर यांनी तो २००७ मध्ये जगासमोर आणला. तो भाजायचा ११०० ते १२०० अंशांना. आकडा ऐकून आपल्याकडचा कारखानदार म्हणतो, प्रेस आहे, भट्टी आहे, भुकटी तेवढी बदलू. माझं म्हणणं एवढंच, की तापमान सारखं असलं तरी काम उलटं आहे. बुशात छिद्र हवं असतं, या चकतीत ते जवळजवळ उरूच द्यायचं नाही.

छिद्र घालवायचं म्हणजे माल आकसणार. दाबलेल्या कच्च्या चकतीत साधारण ५८ टक्के जागाच भरलेली असते. उरलेली पोकळी पुरती भरून निघाली, तर १०० मिलिमीटरचा तुकडा भट्टीतून ८३ मिलिमीटरचा होऊन येतो. एवढं आकसणं सगळीकडून सारखं झालं तरच तो सपाट राहणार. एकाच बाजूने दाब दिला, तर डायच्या भिंतीशी घर्षण होऊन दाब देणाऱ्या पंचाजवळची भुकटी घट्ट बसते आणि लांबची सैल राहते. सैल भाग जास्त आकसतो आणि तुकडा वाकतो. लोखंडाचा भाग थोडा वाकला तर साइझिंग प्रेसमध्ये सरळ करता येतो. सिरॅमिकवर तो प्रयोग करू नका, तुकडेच गोळा करावे लागतील. भाजल्यावर घासायचं तर हिऱ्याचं चाक लागतं आणि किमतीचा मोठा वाटा तिथेच जातो.

बाइंडरचंही, म्हणजे कच्ची भुकटी धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाचंही, तसंच. तो दोनशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान सावकाश जाऊ द्यावा लागतो. उत्पादन वाढवायचं म्हणून तिथे घाई केली की फोड येतात, तडे जातात. पण हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

खरी अडचण लिथियमची. एवढ्या उष्णतेत ते वाफेने उडून जातं. जास्त उडालं की रचना बिघडते आणि चकतीतून लिथियमचं वहन घसरतं. म्हणून कच्च्या मालात थोडं जास्त लिथियम घालतात आणि चकती त्याच जातीच्या भुकटीत पुरून भाजतात, म्हणजे आजूबाजूची हवाच लिथियमने भरलेली राहते. मोदकाच्या उकडीवर झाकण ठेवतो, तसलीच युक्ती. वर मूसही निवडून घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीतलं अ‍ॅल्युमिनियम चकतीत शिरतं. थोडं शिरलं तर हवी ती क्यूबिक (घनाकृती) स्फटिकरचना टिकवायला मदतच होते. पण किती शिरणार हे मुशीवर सोपवलं, तर एक घाणा दुसऱ्यासारखा निघणार नाही. कारखान्याला हे परवडत नाही, म्हणून बरेच जण मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) मूस वापरतात आणि अ‍ॅल्युमिनियम नाहीतर टँटलम मोजून घालतात.

एवढं करून चकती घट्ट झाली, तरी बॅटरी चार्ज करताना लिथियमचे तंतू कणांच्या सीमांमधून, बारीक तड्यांमधून आरपार घुसतात. सिरॅमिक कडक आहे म्हणून त्यांना अडवेल, ही आशा खोटी ठरली. गंमत म्हणजे भार पेलणारा सिरॅमिकचा भागही अशाच बारीक दोषापासून फुटतो. तिथे झिर्कोनियाने, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडने, एक वाट दाखवली. ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियमचा ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियात तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, फुगतात आणि तड्याला चिमटीत धरतात. शुद्ध झिर्कोनिया मात्र भट्टीतून थंड होतानाच याच फुगण्यामुळे फुटतो. फुगणं तेच, फक्त ते कधी होऊ द्यायचं हे यिट्रियाच्या प्रमाणावर ठरतं.

माझा सल्ला विचाराल तर आधी अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनियाचे पंपाचे सील, नोझल, इन्सुलेटर करा. त्यासाठी १४०० ते १६०० अंशांची, हवेत चालणारी भट्टी घ्यावी लागेल. जाळीच्या पट्ट्याची भट्टी त्या तापमानाला टिकत नाही. आणि भट्टीच्या आधी डायलॅटोमीटर घ्या. तुकडा कोणत्या अंशाला किती आकसतोय हे तो दाखवतो, त्याशिवाय भट्टीचा तक्ता म्हणजे अंदाजपंचे. आकसणं हातात बसलं की गार्नेटकडे वळा.

तेव्हा एक खर्च कागदावर पहिल्या दिवसापासून धरा. गार्नेट हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याच्या पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो. त्या थरातून लिथियम नीट सरकत नाही. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे पापडसुद्धा उघडे राहत नाहीत, तर ही चकती काय राहणार? कोरड्या हवेची खोली बांधावी लागेल आणि तिचं विजेचं बिल भट्टीइतकंच मन लावून वाचावं लागेल.