आजाराचे नाव आणि उपचाराची दिशा

श्रोतेहो, नमस्कार.

‘अमुक गृहस्थ हार्ट फेल होऊन गेले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, डॉक्टरांनी ‘तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगताच रुग्णाला आपला शेवटच जवळ आल्यासारखे वाटते. वास्तविक या निदानाचा अर्थ एवढाच की, शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्यास हृदय कमी पडते आहे. आजार गंभीर खराच. परंतु नियमित औषधे, मिठावर नियंत्रण आणि रोजच्या वजनाची नोंद यांच्या आधारे पुष्कळ जण अनेक वर्षे जगतात. ज्याने आधीच धीर सोडला, तो ही नोंद कशासाठी ठेवील?

नावापुढे डॉक्टरांचीही जीभ अडखळते. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला ‘मन दुभंगल्याचा आजार’ अशा अर्थाचे नाव होते आणि ते इतके लांच्छनास्पद मानले जाई की, बहुसंख्य रुग्णांना ते सांगितलेच जात नसे. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली नाव बदलण्याची मागणी केली, आणि २००२ साली मनोव्यापारांची एकसूत्रता बिघडल्याचे सुचवणारे नवे नाव स्वीकारले गेले. त्या वर्षी सुमारे ३७ टक्के रुग्णांना आपला आजार सांगितला जात होता. दोनच वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेले. कलंक पुसला गेला असे मी म्हणणार नाही, पण बोलणे तरी सुरू झाले.

थायरॉइडच्या एका गाठीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिच्या पेशी कर्करोगासारख्या दिसतात, पण त्या आवरण भेदून बाहेर पसरत नाहीत. तरीही नावात ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, हा शब्द असल्याने पुष्कळदा संपूर्ण ग्रंथी काढून वर किरणोत्सारी आयोडीनही दिले जाई. अशा १०९ रुग्णांचा किमान १० वर्षांचा पाठपुरावा तपासला, तेव्हा सर्व जण जिवंत आणि रोगमुक्त आढळले. २०१६ साली तज्ज्ञांनी नावातून तो शब्द काढला.

प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या सर्वांत सौम्य श्रेणीच्या कर्करोगाबाबत मात्र नावाचा हा वाद मिटलेला नाही. ‘कर्करोग’ हा शब्द काढल्यास अनावश्यक शस्त्रक्रिया टळतील, असे काही तज्ज्ञ म्हणतात. रुग्ण पुढील तपासण्यांकडे फिरकणारच नाहीत, अशी इतरांना भीती वाटते. मला ही भीती पोकळ वाटत नाही, कारण थायरॉइडची ती गाठ पूर्ण काढून तपासलेली असते, तर प्रोस्टेटचे निदान बहुधा सुईने घेतलेल्या काही तुकड्यांवरच केलेले असते आणि अधिक गंभीर भाग त्यातून निसटलेला असू शकतो.