जुनी बीटल ट्रेलरवर चढवताना वजन कुठे ठेवायचं?

नमस्कार मंडळी! माझ्या मागे उभी आहे ती १९६७ ची फोक्सवॅगन बीटल. ॲरिझोनातल्या फिनिक्सहून कॅलिफोर्नियात सॅन होजेला मी ती माझ्या पिकअपमागे ट्रेलर जोडून आणली. साधारण अकराशे किलोमीटर. वाळवंटातल्या कोरड्या हवेत पत्रा फारसा गंजत नाही, म्हणून जुन्या गाडीसाठी एवढ्या लांब जायची माझी तयारी असते.

सगळे विचारतात, "पिकअप ओढेल का?" अहो, आरामात ओढेल. बीटल ८२० किलोची, रिकामा ट्रेलर ९०० किलोचा. झाले १,७२० किलो. मला काळजी असते ती हे वजन ट्रेलरवर नेमकं कुठे बसलंय याची.

गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे पिकअपला ट्रेलर जिथे जोडतात त्या जोडाच्या गोळ्यावर यायला हवा. आपल्या हिशेबात १७२ ते २५८ किलो. कमी पडला तर ट्रेलरची शेपटी डुलायला लागते, आणि वेगाबरोबर ते डुलणं वाढत जातं.

आता बीटलचं इंजिन असतं मागे! मी नेहमीच्या सवयीने ती तोंड पुढे करून चढवली. फिनिक्सबाहेर ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास आरशात बीटल डावीकडे सरकलेली दिसली, मग उजवीकडे, परत डावीकडे. सीटखाली पिकअपची मागची बाजू हलतेय हे जाणवलं. अशा वेळी पाय ब्रेककडे धावतो, पण ब्रेक दाबू नका. पिकअप थांबू बघते आणि मागून ट्रेलर ढकलतो. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि पिकअपमधल्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावले. तेव्हा कुठे ते शांत झालं.

पुढच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा होता. आधी ट्रेलर जोडून वजन केलं, मग एकट्या पिकअपचं. काट्यावर ट्रेलरची चाकं वेगळ्या फळीवर येतात, त्यामुळे दोन्ही वेळच्या पिकअपच्या वजनातला फरक म्हणजे हिचवरचा भार. आला ११० किलो! बीटल उतरवून उलटी चढवली, इंजिन पिकअपकडे. भार २१० किलो झाला. हे २१० किलो पिकअपच्याच अंगावर येतात बरं का. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किती किलो चालतील याचं स्टिकर असतं. माणसं, सामान आणि हा भार, सगळं त्यात बसायला हवं.

उलट्या गाडीची एक भानगड असते. बीटलच्या इंजिनाचं झाकण वरच्या बाजूला बिजागरीवर असतं. उलटी ठेवली की वारा खालच्या कडेतून आत शिरतो, म्हणून ते मी पट्ट्याने बांधलं. गाडी बांधायचे पट्टे मात्र टायरवरून घ्या, म्हणजे ती आपल्या सस्पेन्शनवर मोकळी हलते. ३०-४० किलोमीटरवर थांबून ते पुन्हा ताणा. आणि हिचच्या साखळ्या खालून एकमेकींना फुली मारून लावा. जोड सुटलाच तर ट्रेलरचं तोंड त्या झोळीत पडतं, रस्त्यावर नाही.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. आय-५ महामार्गावर तेहोन पास हा घाट ओलांडला की ग्रेपव्हाइनचा उतार लागतो, ६ टक्के, सलग ८ किलोमीटर. माथ्यावरच खालचा गिअर टाकला आणि इंजिनाच्या जोरावर उतरलो. खाली थांबून ट्रेलरच्या चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात नेला. तीन कोमट, चौथ्याची धग लांबूनच लागली. ब्रेक चिकटत होता. जॅक लावून चाक उचललं, ब्रेक थोडा ढिला केला, हाताने चाक फिरवून बघितलं आणि मगच निघालो.