जहाजाच्या मॉडेलवर पट्ट्या लावताना पुढचं टोक का बिघडतं?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "पुढच्या टोकाशी पट्ट्या एकमेकींवर चढतात, काय करू?" म्हणून आज फक्त तेवढंच.

सांगाड्याचं पटकन उरकू. कील म्हणजे तळाचा लांब कणा, बल्कहेड म्हणजे त्यावरचे आडवे फळे. कीलच्या खाचांत बल्कहेड काटकोनात चिकटवायचे. लांब ठोकळ्यावर ८० किंवा १२० नंबरचा सँडपेपर लावून त्यांच्या कडा तिरक्या घासायच्या. मग एक पट्टी निदान चार बल्कहेडवर धरून बघायची. प्रत्येक ठिकाणी अख्खी कड टेकली पाहिजे, नुसता कोपरा टेकून चालत नाही. पुढच्या दोन बल्कहेडच्या मध्ये बाल्साचे ठोकळे भरायचे, आकाराला घासायचे. झाला सांगाडा.

[पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायची]

ही लाइमच्या (लिंडनच्या) लाकडाची पट्टी, ५ मिलीमीटर रुंद, १.५ मिलीमीटर जाड. अशी जाडीतून वाकवली की बघा, छान वळते. आता टेबलावर सपाट ठेवून बाजूला वळवतो. बघा! एक कड लगेच उचलली गेली. या दिशेला ही पट्टी जवळजवळ ११ पट ताठ आहे. तुमच्या जहाजाच्या टोकाशी नेमकं हेच घडतं. पट्टीला तुम्ही बाजूला ढकलता, ती कड उचलते, आणि पुढची पट्टी तिच्यावर चढते.

यावर हमखास सल्ला येतो, "जास्त वेळ भिजवा." अहो, भिजवून रुंदी कमी होते का? गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवणं जाडीतून वळवण्यासाठी ठीक आहे. तीही साच्यावर पूर्ण वाळू द्या, मगच चिकटवा. ओली चिकटवलीत तर वाळताना आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट दिसते.

मूळ दुखणं जागेचं आहे, म्हणून हिशोब बघू. समजा मधल्या बल्कहेडवर, वेलच्या (बाजूवरच्या जाड आडव्या पट्ट्याच्या) खालच्या कडेपासून कीलपर्यंत, कागदाची पट्टी वळणावरून फिरवून माप आलं ८० मिलीमीटर. ५ मिलीमीटरच्या पट्ट्या म्हणजे १६ लागल्या. त्याच १६ पट्ट्या पुढच्या बल्कहेडवरही बसवायच्या आहेत, आणि तिथे जागा आहे ५२ मिलीमीटर. भागिले १६, म्हणजे प्रत्येकीला सव्वातीन. तुम्ही लावताय पाचच्या. उरलेली पावणेदोन मिलीमीटर जाणार कुठे? शेजारणीच्या डोक्यावर!

म्हणून प्रत्येक बल्कहेडवर हे माप घ्या, १६ने भागा, पट्टीवर त्या त्या जागी खूण करा, खुणा जोडा आणि पट्टी निमुळती करा. सुरी नेहमी रुंद भागाकडून टोकाकडे चालवा. रेषा सुटलीच तर ती टाकाऊ बाजूला सुटते. उलट चालवलीत तर पातं लाकडाच्या तंतूंबरोबर थेट चांगल्या भागात घुसतं. खुणेच्या थोडं बाहेर कापून उरलेलं रंध्याने काढा. डाव्या-उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या एकत्र चिमट्यात धरल्या की दोन्ही सारख्या होतात.

एक मर्यादा पाळा: टोकाशी रुंदी अर्ध्याच्या खाली नको. पाचची पट्टी अडीचच्या खाली गेली की टोक तुटतं, पिनने चिरतं. तिथे ड्रॉप प्लँक, म्हणजे दोन पट्ट्या संपवून पुढे एकच न्यायची. मागे उलटं होतं. जागा १०० मिलीमीटर असेल तर वाट्याला सव्वासहा येतात. तिथे पट्ट्या फाकवून ताणू नका, मध्ये पाचरीसारखा स्टीलर बसवा.

आता एका कमेंटबद्दल, कारण ती मनाला लागली. "किटमध्ये सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या दिल्यात, म्हणजे तशाच लावायच्या असणार." नाही हो! तो कच्चा माल आहे. खऱ्या जहाजाची फळीसुद्धा सुतार आकारानेच कापायचे. सूचनापत्रात "पट्ट्या लावा आणि घासा" एवढंच लिहिणं हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे. घासून सपाट होईलच की, असं वाटतं ना? दीड मिलीमीटरच्या पट्टीची कड पाऊण मिलीमीटर उचलली असेल, तर ती घासल्यावर उरतं निम्मं लाकूड. बोटाने दाबलं तरी आत जातं. त्यावर अर्ध्या मिलीमीटरचं अक्रोडाचं दुसरं आवरण लावलंत, की खालचा प्रत्येक खड्डा वर उमटतो.

"पहिलं मॉडेल व्हिक्टरीचं करू का?" असंही बरेच जण विचारतात. १७६५ साली पाण्यात उतरलेलं ब्रिटिशांचं देखणं लढाऊ जहाज, मोह होणारच. पण तिचं पुढचं टोक गोल, बोथट आहे. आत्ता सांगितलेली सगळी अडचण तिथे दुप्पट होते. शिवाय तोफांचा डेकच १८६ फूट, म्हणजे १:७२ प्रमाणाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) मॉडेलला जवळजवळ ७९ सेंटिमीटर. आधी कटर, म्हणजे एका डोलकाठीचं छोटं जहाज करा.

लावताना दोन-तीन पट्ट्या डाव्या बाजूला, मग तितक्याच उजव्या बाजूला. एकच बाजू पुरी केलीत तर कील पिळवटते. कीलला लागून जाणारी पट्टी पुढे स्टेमवर (टोकाच्या उभ्या लाकडावर) चढवू नका, नाहीतर वरच्या सगळ्या पट्ट्यांची जागा तीच खाते. गोंद पिवळा लाकडाचाच वापरा. सुपरग्लू सांडला तिथे पॉलिश धरत नाही.

आणि मदत मागताना नुसता फोटो टाकू नका. पट्टीची रुंदी लिहा, आणि मधल्या, पुढच्या, मागच्या बल्कहेडची मापंही लिहा. त्यावरून ड्रॉप प्लँक कुठे आणि स्टीलर कुठे, ते लगेच सांगता येतं.